टिळकनगर आणि निविदेची भाषा

शासकीय खरेदीच्या नियमांचा रचनाकारांच्या कामावर कोणता परिणाम होतो, ही चर्चा बहुधा दिरंगाईच्या तक्रारीपाशी थांबते. वस्तुतः हा प्रश्न बव्हंशी भाषेचा आहे. नियम काय बांधून टाकतो आणि काय मोकळे ठेवतो, यावर रचनेचे भवितव्य अवलंबून असते.

डिसेंबर १९३६ मध्ये तत्कालीन पूर्व खानदेश जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. त्यासाठी टिळकनगर सजविण्याचे काम गांधीजींनी नंदलाल बोस यांच्यावर सोपविले. आपण चित्रकार आहोत, वास्तुतज्ज्ञ नव्हे, हा नंदलालांचा संकोच गांधीजींनी मानला नाही. साहित्य परिसरात मिळणारे असावे आणि कारागीर गावचे असावेत, ही अट होती. अट कठोर खरी; परंतु ती साधनांविषयी होती, रूपाविषयी नव्हती. बांबूचे काय करावयाचे, हा निर्णय कलावंत आणि कारागीर यांच्या हाती राहिला.

केंद्र शासनाचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम हा भेद अगदीच जाणत नाहीत, असे नव्हे. सल्लासेवेसाठी नियम १९२ गुणवत्ता व किंमत यांचे एकत्रित गुणांकन सांगतो. न्यूनतम किमतीची पद्धत नियम १९३ मध्ये ठराविक स्वरूपाच्या कामांसाठी आहे. बोधचिन्हांच्या रचनेसाठी नियम १९६ खुली स्पर्धा सुचवितो. मग अडते कोठे? 'न्यूनतम' आणि 'उत्तम' ही दोन्ही विशेषणे पराकोटीचीच. पहिले आकड्याने सिद्ध होते. दुसऱ्यास कोणाच्या तरी विवेकाची जबाबदारी लागते. लेखापरीक्षणाची धास्ती असलेला अधिकारी पहिल्याकडे झुकला, तर नवल नाही. मग रचनेलाही 'ठराविक काम' म्हटले जाते. मोजमापे आधीच गोठतात आणि रचनाकारांच्या गटाकडे केवळ दर भरणे उरते. हातात साहित्य घेतल्यावर सुचणाऱ्या सुधारणेला अशा निविदेत जागा नसते.

तथापि फैजपूर हा जसाच्या तसा गिरवावयाचा कित्ता नव्हे. तेथील निवड एका व्यक्तीच्या पारखीवर झाली. तीच मुभा सार्वजनिक पैसा खर्च करणाऱ्या प्रत्येक कचेरीस दिली, तर वशिल्यास दार उघडेल. नियम जन्मले ते याच भयातून. फैजपूरहून घ्यावयाचे ते निमंत्रण नव्हे, अटीचे व्याकरण होय: खर्च व साधने निश्चित, रूप मोकळे आणि परीक्षकांची नावे जाहीर. यातील शेवटचे कलम फैजपूरचे नाही. ते लोकशाहीने त्यात घातलेली भर आहे.