न सापडण्याचा पुरावा : चाचणी चरांचे अहवाल वाचताना

गेल्या व्याख्यानात आपण ‘अभाव’ या पदार्थापाशी थांबलो होतो. जमिनीवर घट नाही, हे ज्ञान मला कशानं होतं? कुमारिल भट्टांची परंपरा म्हणते, त्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण आहे. नैयायिक ते वेगळं प्रमाण मानत नाहीत. भांडण मोठं आहे, पण एका अटीवर दोघांचं जमतं: अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. घट असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, एवढ्यावरून तो नाही असं म्हणता येत नाही.

आज ही अट घेऊन मी एका रुक्ष लेखनप्रकाराकडे जाणार आहे. इंग्लंडमधल्या चाचणी चरांचे अहवाल. तुम्ही म्हणाल, सर, हे काय भलतंच! झालं असं की मिडलंड्समध्ये मुलीकडे राहत होतो, तेव्हा घरामागच्या शेतात एके सकाळी खोदाईचं यंत्र आलं आणि दोन-तीन दिवसांत शेतभर लांबलांब चर पडले. तिथे नवी घरं व्हायची होती. कुतूहलानं मी असे अहवाल शोधू लागलो. यॉर्कच्या आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिसकडे ते हजारोंनी आहेत, आणि फुकट वाचता येतात. निवृत्त माणसाला आणखी काय हवं.

तिथली पद्धत 1990च्या एका सरकारी नियोजन मार्गदर्शिकेनंतर रुळली. बांधकामाला परवानगी देण्याआधी जमिनीत काय दडलंय ते तपासायचं, खर्च बांधणाऱ्यानं सोसायचा. सगळी जमीन खणणं शक्य नसतं, म्हणून नमुना घ्यायचा, साधारण दोन ते पाच टक्के. हिशेब करून बघा. दहा हेक्टरचं शेत, म्हणजे आपले पंचवीस एकर. चार टक्के म्हणजे चार हजार चौरस मीटर. पन्नास मीटर लांब, दोन मीटर रुंद असे चाळीस चर. उरलेली शहाण्णव टक्के जमीन न बघताच तिच्याविषयी बोलायचं आहे.

यात गैर काही नाही, शितावरून भाताची परीक्षा आपण रोजच करतो. पण भात एकसारखा शिजलेला असतो, जमीन तशी नसते. शेतभर धावणारा बांधाचा खंदक चाळीसपैकी कुठल्या ना कुठल्या चरात सापडतोच. चार-पाच मीटर रुंदीची झोपडी दोन चरांच्या मधे सहज राहून जाते. गिल हे आणि मार्क लेसी यांनी 2001 साली काही जागांवर चाचणीत काय दिसलं होतं आणि पुढे पूर्ण खोदल्यावर काय निघालं, हे ताडून पाहिलं. रोमन काळातल्या वस्त्या चरांना बऱ्यापैकी दिसतात. विरळ, उथळ खुणा ठेवणारे काळ निसटतात.

आता माझा खरा आक्षेप. अहवालांत एक शेरा वारंवार येतो, त्याचा आशय असा: केवळ मध्ययुगोत्तर शेतीच्या खुणा मिळाल्या, महत्त्व नगण्य. मध्ययुगोत्तर म्हणजे साधारण 1540पासून पुढचा काळ. खुणा कोणत्या? बांधाचे खंदक, पाणी काढायला पुरलेले भाजक्या मातीचे पाइप, निळ्या नक्षीच्या बशांच्या खापऱ्या, तंबाखू ओढायच्या मातीच्या पाइपांच्या नळ्या. (या नळ्यांचं भोक काळागणिक बारीक होत गेलं, त्यावरून काळ ठरवता येतो, हे हॅरिंग्टननं 1954मध्येच दाखवलं होतं. कचरा म्हणून फेकायची ही वस्तू नव्हे.) खापऱ्या सापडल्या म्हणून तिथे घर होतं असंही नाही. घरातला केरकचरा खतातून शेतात जायचा, आपल्या उकिरड्यासारखाच.

पण हे महत्त्व ठरवलं कुठल्या थरावरून? यंत्र दात नसलेलं, सपाट धारेचं बकेट लावून वरची माती काढतं, आणि खालची पातळी स्वच्छ दिसली की निरीक्षण सुरू होतं. शेतमजुराचं घर म्हणजे अनेकदा मातीच्या भिंती आणि जेमतेम दगडी पाया. पाडल्यावर त्यातलं जे उरतं ते नांगराच्या मातीत, म्हणजे यंत्रानं बाजूला टाकलेल्या ढिगाऱ्यात. ज्या काळाबद्दल निष्कर्ष काढायचा, त्याचाच थर आधी खरवडायचा! ही ‘योग्य’ अनुपलब्धी नव्हे.

आणि हा काळ कुठला, ते आठवा. 1604 ते 1914 या दरम्यान पार्लमेंटनं सामाईक जमिनींना कुंपण घालणारे 5,200हून अधिक कायदे केले. सामाईक माळावर झोपडी बांधून राहणारी कुटुंबं त्यात उठली. कुंपणाचा खंदक चराला दिसतो, उठवलेल्याची चूल दिसत नाही. एका पद्धतीच्या सोयीनं जमीनमालकाची खूण पुरावा ठरते आणि मजुराचा अभाव ‘सिद्ध’ होतो.

खोदणाऱ्यांना हे कळत नाही असं मी म्हणत नाही. जुने नकाशे ते आधीच तपासतात. थंडीपावसात चिखलात उभे राहून, ठरलेल्या दिवसांत ते काम उरकतात. माझं भांडण शेऱ्याशी आहे. घटाच्या उदाहरणात चूक झाली तर दिवा आणून पुन्हा बघता येतं. इथे शेऱ्यानंतर पाया खणला जातो, रस्ता होतो.

आपल्याकडे घरबांधणीच्या आधी अशी सरसकट चाचणी नाहीच, तेव्हा फार बोलायचा अधिकार नाही. पण आपल्या भाषेत गावठाणाची ‘पांढरी’ आणि शेताची ‘काळी’ हा भेद आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखेनं, पडक्या भिंतींनी माती पांढरी होते, आणि शेतकरी वरची माती बघूनच ओळखतो की इथे माणसं राहिली होती. तिथे वरची माती आधी बाजूला होते. तिच्यातल्या काही बादल्या चाळणीनं चाळाव्यात, ठराविक अंतरावर हातानं मीटरभराचे खड्डे घ्यावेत. हे करणारे लोक तिथेही आहेत. आणि ‘मिळालं नाही’ असं लिहिण्याआधी दोन ओळी असाव्यात: या चरांना काय दिसू शकत होतं, काय दिसू शकत नव्हतं. एवढं लिहायला जास्तीचा चर लागत नाही.

वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ.