स्थानिक शासनाचा पाठ आणि औद्योगिक पट्ट्यातील विद्यार्थी : एक समीक्षा

प्रस्तावना :
'बालभारती'ने २०१६ मध्ये इयत्ता सहावीसाठी प्रकाशित केलेल्या 'इतिहास व नागरिकशास्त्र' या पाठ्यपुस्तकातील स्थानिक शासनविषयक प्रकरणांचे पिंपरी-चिंचवड व चाकण परिसराच्या संदर्भात परीक्षण करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन :
या मांडणीचा गुण प्रथम नोंदविला पाहिजे. सहावीत स्थानिक शासन, सातवीत संविधान व आठवीत संसदीय शासनपद्धती असा क्रम लावल्याने विद्यार्थी जवळून दूर जातो. बालमानसशास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच आहे. तथापि, जे जवळचे म्हणून शिकविले जाते ते या पट्ट्यातील मुलांच्या अनुभवाशी जुळत नाही.

पहिली विसंगती नागरी भागातील आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनुसार महानगरपालिकेची मुदत पाच वर्षांची असून ती संपण्यापूर्वी निवडणूक होणे अभिप्रेत आहे. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत मात्र २०१७ नंतरची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण व प्रभागरचना यांवरील न्यायालयीन वादामुळे मार्च २०२२ पासून कारभार प्रशासकाच्या हाती होता. जून २०२२ मध्ये सहावीत बसलेला विद्यार्थी नववीत पोहोचेपर्यंत त्याच्या शहरात एकही नगरसेवक नव्हता. 'महापौर कोण?' या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नव्हते आणि ते का नाही, हे सांगणारा पाठही नव्हता.

दुसरी विसंगती चाकण परिसरातील होय. निघोजे, कुरुळी, महाळुंगे या गावांत ग्रामपंचायत आहे. परंतु लगतच्या औद्योगिक क्षेत्रातील रस्ते व पाणी औद्योगिक विकास महामंडळाकडे, तर प्रादेशिक नियोजन २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. सरपंच निवडून येतो. महामंडळाचे अधिकारी निवडून येत नाहीत. कामगाराच्या मुलाने शाळेच्या वाटेवरील खड्ड्याची तक्रार कोणाकडे करावी, याचे उत्तर ग्रामपंचायतीच्या रचनेचा तक्ता पाठ करून मिळत नाही.

निष्कर्ष :
शासनसंस्थांची रचना शिकविणे आवश्यक आहे, परंतु पुरेसे नाही. निवडणूक लांबली तर काय होते आणि न निवडलेल्या संस्थांना जाब कसा विचारावा, हेही नागरिकशास्त्रच आहे. शिक्षकाने वर्गासह एकदा ग्रामसभेस उपस्थित राहावे, एक तक्रारअर्ज मुलांकडून लिहून घ्यावा व त्याचा पाठपुरावा करावा. पाठ्यपुस्तक व परिसर यांतील अंतर दडविल्यास विद्यार्थी लोकशाहीला केवळ गुणांपुरता विषय समजेल. ते अंतर दाखविल्यास तो प्रश्न विचारील.