अद्ययावतता आणि अवलंबित्व : विश्वकोश व आज्ञावली यांच्या संदर्भात

सातारा जिल्ह्यातील वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली, तर विसावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. विश्वकोशातील नोंद सहसा एकटी उभी नसते; बाणाच्या खुणेने वा ‘पहा’ या शब्दाने ती अन्य नोंदींकडे निर्देश करते. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला, तेव्हा अनेक खंड छापून झाले होते. अशा प्रसंगी एक नोंद बदलून भागत नाही. तिच्यावर विसंबलेल्या नोंदीही तपासाव्या लागतात. मात्र मुद्रित खंडावर प्रकाशनवर्ष असल्याने त्यातील विधान कोणत्या काळाचे, हे वाचकास कळते.

संगणकीय आज्ञावलींची रचनाही अशीच परस्परावलंबी असते. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या लिनक्स गटासारख्या, मुक्त आज्ञावली हाताळणाऱ्या कोणत्याही गटास हा प्रश्न टाळता येत नाही. जून २०२४ मध्ये ‘नमपाय’ या पायथनमधील गणिती लायब्ररीची २.० आवृत्ती आली. पूर्वीच्या आवृत्तीसाठी संकलित केलेली पॅकेजे नव्याने संकलित करणे भाग पडले. एका पॅकेजला नवी आवृत्ती हवी आणि दुसऱ्यास जुनीच, तर एकाच पायथन-परिसरात दोन्ही नांदत नाहीत.

‘सर्व काही अद्ययावत करा’ हा प्रचलित उपदेश येथे अपुरा ठरतो. पायथनचे ‘पिप’ हे साधन पूर्वी प्रथम आढळलेली अट प्रमाण मानी व प्रसंगी विसंगत संचही मुकाट्याने बसवी. नोव्हेंबर २०२० मधील २०.३ आवृत्तीपासून ते असा संच नाकारू लागले. विद्यार्थ्यास हा नकार अडथळा वाटतो; वस्तुतः तो साधनाचा प्रामाणिकपणा आहे. नकाराच्या संदेशात कोणते पॅकेज कोणती आवृत्ती मागते, हे नोंदलेले असते. दोघांनाही चालणारी आवृत्ती शोधावी. ती नसल्यास अडलेल्या पॅकेजचीच नवी आवृत्ती पाहावी. तीही नसल्यास दोन कामांसाठी दोन स्वतंत्र परिसर निर्माण करावेत.

तथापि या साधनाची मर्यादाही स्पष्ट आहे. ते केवळ घोषित अटी तपासते. अटी जुळल्या म्हणजे अर्थ जुळला, असे नव्हे. आवृत्ती बदलल्यावर तेच गणित तेच उत्तर देते का, हे चाचणीनेच ठरते. कोशाच्या संपादकास अवलंबून असलेली नोंद पुन्हा वाचावी लागते, त्याच जातीचे हे काम आहे.

सारांश, विद्यार्थ्याच्या प्रकल्प-अहवालास वापरलेल्या प्रत्येक पॅकेजच्या नेमक्या आवृत्तीची यादी जोडलेली असणे, ही परीक्षकाची रास्त अपेक्षा होय. यादीवाचून तीन वर्षांनी तोच निष्कर्ष पडताळणे दुष्कर होते. आणि पडताळता न येणारा निष्कर्ष विद्येच्या व्यवहारात प्रमाण ठरू शकत नाही.