घेणाऱ्या हाताचे औदार्य

साकीनाक्यासारख्या दाट वस्तीत एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन भाषांचे संसार नांदतात. तिथेही शेजारधर्माचा एक जुना नियम ऐकू येतो : शेजारणीकडून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही. या नियमाचा पहिला अर्धा भाग मात्र कुणी बोलून दाखवत नाही. वाटी परत करण्याआधी ती घ्यावी लागते, तिच्यातले खावे लागते. ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या औदार्याची चर्चा करताना आपण नेमका हाच भाग विसरतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) या दृष्टीने पुन्हा वाचायला हवीत.

या ग्रंथातील औदार्य म्हटले की वाचकाला प्रथम आठवतात ते नारायण वामन टिळक. हातात पैसा टिकत नाही, दारी आलेला माणूस विन्मुख जात नाही, अनाथ मुले घरात येतात आणि घरचीच होतात. टिळकांच्या चरित्राचा हा भाग आपण भक्तिभावाने वाचतो. परंतु हे सारे लिहिते कोण? ज्या बाईला त्याच दिवशी चूल पेटवायची आहे, ती. लक्ष्मीबाईंच्या विनोदाला समीक्षेने बहुधा ‘निर्मळ’, ‘भाबडा’ अशी विशेषणे लावली. मला त्या विनोदात हिशेबाची वही दिसते. पतीच्या दातृत्वाची किंमत कुणी मोजली याची नोंद त्या तक्रारीचा सूर न लावता ठेवतात.

तरीही प्रश्न उरतोच. टिळकांचा हा उधळा, दयाळू स्वभाव १८९५ साली बाप्तिस्मा घेण्याच्या आधीपासूनचाच होता. दान आपल्या परंपरेला नवे नव्हते. मग ख्रिस्ती होण्याने या घरात नेमके काय बदलले?

उत्तर ग्रंथाच्या आरंभीच पेरलेले आहे. जलालपूरला माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक होते, की बाजारातून आलेले मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घेतली जाई. दुसऱ्याच्या हाताचे भय म्हणजे काय, हे लक्ष्मीबाईंनी लहानपणीच पाहिले. असे घर दुसऱ्याला देऊ शकते, पण दुसऱ्याकडून घेऊ शकत नाही. पुढे धर्मांतरित पतीजवळ राहायला गेल्यावरही त्यांनी काही काळ आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळेच ठेवले. मग जातिभेद माणसाने निर्माण केला आहे हे त्यांचे त्यांनाच उमगले आणि कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे त्यांनी ठरवले. हे घडले ते बाप्तिस्म्याच्या आधी. १९०० साली झालेला बाप्तिस्मा त्या घोटभर पाण्याच्या मागून आला, हा क्रम महत्त्वाचा आहे.

योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय इथे आठवतो. विहिरीवर थकून बसलेला येशू शोमरोनी स्त्रीला काही देण्याआधी तिच्याकडे पाणी मागतो. ज्यांच्याशी यहुद्यांचा व्यवहार नाही, त्यांच्यातल्या एका बाईच्या हातचे पाणी! ती चकित होते ती या मागण्यानेच. देणारा उंचावर राहू शकतो, मागणाऱ्याला खाली यावे लागते. टिळकांना देणे स्वभावतः सोपे होते. लक्ष्मीबाईंना घेणे जन्माच्या संस्कारांशी झगडून शिकावे लागले. म्हणून या दोघांत अधिक कठीण साधना कुणाची, असे विचारले तर माझे उत्तर लक्ष्मीबाई हेच आहे.

यावर आक्षेप येईल, की हा सामाजिक सुधारणेचा प्रश्न झाला, औदार्याचा नव्हे. पण ‘स्मृतिचित्रे’त हे दोन प्रश्न वेगळे काढता येत नाहीत. ज्या हातचे पाणी चालत नाही, त्या हातावर टाकलेला पैसा भिक्षाच राहतो. पाणी चालू लागले की तोच पैसा घरातल्या घरात फिरल्यासारखा होतो. परकी मुले पुढे लक्ष्मीबाईंच्या पंक्तीला बसली ती उपकृत म्हणून नव्हे. त्यांच्यावर त्या रागावतात, हसतात, त्यांची खोडी सांगतात. उपकार करणारा माणूस इतका मोकळा रागावू शकत नाही.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्यांचे दातृत्वही त्यांनीच पुरे केले, असे मला वाटते. रविवारी दानपेटीत नोट टाकणे आपल्याला जमते. सोमवारी शेजारच्या खोलीतून आलेली वाटी, ती कुणाच्या चुलीवरची आहे हे न विचारता, तोंडाला लावणे जमते का? लक्ष्मीबाईंचा ग्रंथ वाचकाला शेवटी या उंबऱ्याशी आणून उभा करतो.