पैदाशीच्या मादी वराहाचा आहार आणि ‘स्थानिक’ प्रथिने : बुलडाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
सोयाबीन, कापूस, तूर व हरभरा ही बुलडाणा जिल्ह्यातील प्रमुख पिके होत. या चारही पिकांपासून पशुखाद्यास प्रथिने मिळतात. साहजिकच ‘स्थानिक वनस्पतिजन्य प्रथिने वापरून वराहपालनाचा खाद्यखर्च कमी करावा’ असा सल्ला वारंवार दिला जातो. हा सल्ला चुकीचा म्हणता येत नाही. तथापि तो अपुरा आहे. प्रथिने मादीच्या कोणत्या अवस्थेसाठी आणि ‘स्थानिक’ म्हणजे नेमके कोणाच्या घरातले, हे दोन प्रश्न त्यात अनुत्तरित राहतात. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार केला आहे.

अवस्थेचा प्रश्न :
मादी वराहाचा गर्भकाळ सुमारे 114 दिवसांचा असतो. या काळात तिला दररोज दोन ते अडीच किलो खाद्य व त्यात 12 ते 14 टक्के प्रथिने पुरेशी होतात. दोन किलो खाद्य व 13 टक्के प्रथिने धरली, तर रोजची गरज 260 ग्रॅम भरते. व्याल्यानंतर चित्र बदलते. पिलांना पाजणारी मादी पाच किलोंहून अधिक खाऊ शकते आणि खाद्यात 16 ते 18 टक्के प्रथिने लागतात. पाच किलो व 17 टक्के या हिशेबाने गरज 850 ग्रॅमवर, म्हणजे तिपटीहून पुढे जाते. दोन्ही अवस्थांना एकच मिश्रण सुचविणारी शिफारस एकीला गरजेपेक्षा जास्त पोसते व दुसरीला उपाशी ठेवते. पाजणारी मादी मग अंगावरचे मांस झिजवून दूध देते आणि पुढच्या वेळी माजावर उशिरा येते. ‘स्वस्त’ खाद्याची ही किंमत हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

प्रथिनांचा प्रश्न :
केवळ टक्केवारी पाहूनही भागत नाही. मक्यात लायसिन या अमिनो आम्लाची उणीव असते. सोयाबीन, तूर व हरभरा ती भरून काढतात. मात्र डाळवर्गीय धान्यांत मेथिओनिन कमी असते. कच्च्या सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधक घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. प्रौढ गाभण मादी ते काही प्रमाणात सहन करते, पण पाजणाऱ्या मादीस व वाढत्या पिलांस सोयाबीन भाजून किंवा उकडूनच द्यावे लागते. सरकी पेंडीबाबत अधिक सावधगिरी हवी. वऱ्हाडात म्हशीपुढे सरकी ठेवणे ही नित्याची गोष्ट आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात गॉसिपॉल बऱ्याच अंशी निष्प्रभ होते. वराहाला तसे पोट नाही. म्हणून गोठ्यातील अनुभव वराहशाळेत जसाच्या तसा लागू करणे घातक ठरते. तूर व हरभऱ्याची चुनी तुलनेने निर्धोक आहे. परंतु तिच्यात टरफल किती व कणी किती यावर प्रथिनांचे प्रमाण बदलते. चुनी हे एकच ठरावीक खाद्य मानून तयार केलेला तक्ता म्हणूनच फसवा असतो. बुरशी लागलेला मका तर पैदाशीच्या मादीसाठी विशेष वाईट, कारण त्यातील झिअरॅलिनोन प्रजननातच बिघाड करते.

मालकीचा प्रश्न :
महाराष्ट्रात वराहपालन परंपरेने कैकाडी, वडार यांसारख्या बहुतांशी भूमिहीन समाजांकडे राहिले. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (2013) या चित्रपटाचे शीर्षकच डुक्कर या अर्थाचा कैकाडी शब्द आहे. त्यातील कुटुंबाच्या वाट्याला डुकराबरोबर येते ती गावाची अवहेलना. अशा कुटुंबाला सोयाबीन ‘स्थानिक’ कसे म्हणावे? ते शेजारच्या शेतात पिकते, तेलगिरणीत जाते आणि पेंड, म्हणजे व्यापारी भाषेतील डीओसी, होऊन बाजारभावाने परत येते. शिवाराचे अंतर कमी असले, तरी मालकीचे अंतर मोठे आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात 2021 मध्ये 100 माद्या व 10 नरांच्या पैदास केंद्रासाठी 50 टक्के, कमाल 30 लाख रुपये अनुदानाची तरतूद झाली. दोन माद्या सांभाळणारा पालक या चौकटीत बसत नाही. त्याला उरते ते हॉटेलचे खरकटे. 2020 मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीवर आढळल्यानंतर न उकळलेले खरकटे हा रोगाचा उघड मार्ग ठरला आहे. 2019 च्या पशुगणनेत देशातील वराहसंख्या 2012 च्या तुलनेत 12.03 टक्क्यांनी घटून 90.6 लाखांवर आली होती, हेही येथे ध्यानात घ्यावे.

निष्कर्ष :
स्थानिक प्रथिनांचा आग्रह रास्त आहे. पण शिफारस दोन माद्यांच्या पालकाला गृहीत धरून लिहिली गेली पाहिजे. गाभण व पाजणारी मादी यांसाठी स्वतंत्र मिश्रण, सोयाबीन भाजण्याची सामायिक सोय, डाळमिलमधील चुनीची गटाने खरेदी आणि सरकी पेंडीबद्दल स्पष्ट इशारा, एवढे तरी त्यात असावे. आपल्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र, अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभागांनी हा प्रश्न एकत्र बसून अभ्यासण्यासारखा आहे. पोषणाचे शास्त्र प्रयोगशाळेत सिद्ध होत असले, तरी ते गव्हाणीत पोहोचते की नाही, हे गव्हाण कोणाची आहे यावरच ठरते.