मातीची भिंत आणि निळा रंग

पाहुणे आले म्हणजे चाळीसगावातील आमचे भाविक त्यांना घेऊन पाचोरा-पहूरमार्गे अजिंठ्यास जातात, आणि परतल्यावर आम्हांस एकच प्रश्न विचारतात: एवढे जुने रंग टिकले कसे? आमच्या मते रंगाआधी भिंतीकडे पाहावयास हवे.

‘मिश्र माध्यम’ हा शब्द हल्लीच्या चित्रप्रदर्शनांतून आपल्या कानी पडतो आणि तो फार नवा वाटतो. अजिंठ्याच्या कारागिरांनी टाकीच्या घावांनी खडबडीत राहिलेल्या कातळावर माती, खडीची भुकटी, गवताचे तंतू व भाताचे तूस यांचा गिलावा चढविला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि तो वाळल्यावर डिंक-सरसाच्या जातीच्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले. ज्या गिलाव्याने आपल्या खानदेशी घरांच्या भिंती उभ्या राहिल्या, त्याचाच हा सख्खा भाऊ. यातील तूस व गवत किडीने खाल्ल्यामुळे चित्रांची पुष्कळ हानी झाली, हेही येथे सांगितले पाहिजे. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले असून त्यामुळे तेथे कीड कमी लागली, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटले आहे.

लाल व पिवळी काव, हिरवी माती, काजळी, चुना हे सारे घरचे. हिरवी माती तर या काळ्या खडकाच्या पोकळ्यांतच मिळते. परदेशी पाहुणा एकच, तो निळा. नवव्या-दहाव्या लेण्यांतील इसवी सनापूर्वीच्या चित्रांत तो नाही; पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळच्या लेण्यांत तो अवतरतो. हा राजावर्त दगड अफगाणिस्तानातील बदख्शानचा. पुढे तेथलाच दगड व्हेनिसच्या बाजारातून युरोपभर गेला, आणि अतिशय महाग म्हणून चित्रकारांनी तो पवित्र मरियेच्या झग्यासाठी राखला. आपल्या कॅलेंडरवरील मातेच्या निळ्या झग्यामागे भक्तीबरोबर बाजारभावही आहे, हे आम्हांस सेमिनरीत कोणी सांगितले नव्हते!

महाग वस्तू हाती आली की ती मिरवावीशी वाटते. दुसऱ्या लेण्याच्या छतावर हा मोह थोडा दिसतो. तेथील निळाई डोळ्यांना सुखविते, पण ती दागिना होऊन राहते. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीपाशी मात्र आम्ही फार वेळ उभे राहिलो. तेथे सारा भार गेरूच्या रेषेवर आणि कावेच्या अंगकांतीवर आहे. त्या खाली झुकलेल्या पापण्यांतील करुणा मातीच्या रंगांतून उमटली आहे, मोलाच्या दगडातून नव्हे. अँजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) या गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्यात राहून काम केलेल्या चित्रकाराने मरियामाता सावळी, साडी नेसलेली रंगविली, तेव्हा आपल्याच लोकांनी त्यास बोल लावले. त्यांच्या रागाचे कारण आम्हांस पद्मपाणीसमोर उमगले: पवित्र ते महाग आणि परके दिसले पाहिजे, अशी आपली सवय झाली आहे.

रक्षणाचेही असेच. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटलेले पापुद्रे बसविले, हे उपकारच. परंतु वर लाखेचे रोगण दिले. ते पिवळे पडून रंग झाकोळले, आणि पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांस ते जपून काढीत बसावे लागले.

त्यांस हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. पूर्वीच्या एका धर्मग्रामात आम्ही ग्रोटोची चुन्याची भिंत टिकाऊ म्हणून निळ्या ऑईलपेंटने रंगवून घेतली. “फादर, ओल आत कोंडेल,” असे म्हातारा गवंडी म्हणाला होता. आम्ही त्याला कंजूष समजलो. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला फोड आले आणि मातेच्या पाठीमागचा रंग चुन्यासकट पोपड्यांनी गळू लागला. मग त्याच गवंड्याने सारे खरवडून साधा चुना लावला, त्यात चिमूटभर नीळ घालून. दिवसा ती भिंत पांढरीच वाटे. सायंकाळी मेणबत्त्या लागल्यावर तेवढा निळा दिसे.