छळ, भाषा आणि साक्ष

तीव्र वेदना भाषेचा नाश करते व माणसास शब्दपूर्व आक्रोशाकडे परत नेते, हा इलेन स्कॅरी यांच्या ‘द बॉडी इन पेन’ (१९८५) या ग्रंथातील प्रमुख सिद्धान्त होय. यातनेच्या क्षणापुरता तो ग्राह्य आहे. परंतु छळ संपल्यानंतरच्या बोलण्याचा उलगडा तेवढ्याने होत नाही.

जाँ आमेरी यांस १९४३ साली बेल्जममधील ब्रेनडोंक किल्ल्यात पाठीमागे बांधलेल्या हातांनी टांगण्यात आले व त्यांचे खांदे निखळले. १९६६ साली ग्रंथरूपाने आलेल्या निबंधात ते वेदनेस उपमा देण्याचे नाकारतात. ‘टॉर्टूर’ या शब्दामागील लॅटिन धातूचा अर्थ देहानेच शिकविला, असे मात्र नोंदवितात. पहिल्याच आघातासरशी जगावरील विश्वास ढळतो, हे त्यांचे मुख्य निरीक्षण. सारांश, येथे भाषा उरली आहे. ढळला आहे तो श्रोत्यावरील विश्वास.

हा भेद केवळ तात्त्विक नव्हे. पीडिताच्या कथनातील विसंगती म्हणजे असत्यच असे नाही, असे १९९९ च्या इस्तंबूल नियमावलीने बजावले आहे. तो स्मृतिभंगाचा, भयाचा वा अविश्वासाचा परिणाम असू शकतो. म्हणून पीडितास काय सांगता येत नाही, एवढेच न पाहता तो कोणास सांगत आहे, हेही संशोधकाने तपासणे अगत्याचे ठरते.